सेंट पीटर्स, बार्टन: सुट्या होणाऱ्या मॉडेलच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

काम ठरलं. बार्टन-अपॉन-हंबर गावातल्या सेंट पीटर्स चर्चचं १:१०० प्रमाणातलं मॉडेल करायचं, वाचनालयातल्या छोट्या प्रदर्शनासाठी. अट माझीच आहे: मॉडेल एकसंध नको. भाग काढता-घालता आले पाहिजेत, म्हणजे बघणाऱ्याला हजार वर्षांचं बांधकाम हातांनी मागे-पुढे नेता येईल.

मी हंबर नदीच्या उत्तरेला, हलमध्ये राहतो. बार्टन समोरच्या काठावर, पूल ओलांडला की पोचलो. पुण्यात आर्किटेक्चर शिकताना इंग्लंडची चर्च म्हणजे डरहॅम, सॉल्सबरी, लिंकन अशी कॅथीड्रलंच तक्त्यांवर यायची. गावाच्या चर्चला, म्हणजे पॅरिश चर्चला, अर्धा परिच्छेद. इथे आल्यावर माझं मत उलटलं. कॅथीड्रलमागे बिशपचा पैसा आणि योजना असते. पॅरिश चर्चला तशी योजना नसते. वाड्याला जसा प्रत्येक पिढी जमेल तसा एखादा खण जोडते तसं ते वाढतं, आणि म्हणूनच त्यात जास्त वाचता येतं.

२० जानेवारी

जागेवर जाऊन फोटो आणि ढोबळ मापं घेतली. मनोरा पश्चिमेला आणि त्याच्याही पश्चिमेला एक बुटकी खोली चिकटलेली. पूर्वेला लांबलचक मध्ययुगीन चर्च. नवख्या माणसाला वाटेल, मोठं चर्च आधी आणि मनोरा त्याला जोडलेला. क्रम बरोबर उलटा आहे.

मनोऱ्याचे खालचे दोन टप्पे आणि पश्चिमेची ती खोली सॅक्सन काळातली, म्हणजे १०६६ ला नॉर्मन येण्याआधीची आहेत, दहाव्या शतकाच्या शेवटाची किंवा अकराव्याच्या सुरुवातीची. तेव्हा हा मनोरा चर्चला जोडलेला नव्हता, मनोरा हेच चर्च होतं. तळमजल्याच्या चौकोनी खोलीत लोक उभे राहायचे. पूर्वेला पाद्र्यासाठी छोटं वेदीचं दालन, म्हणजे चान्सेल, आणि पश्चिमेला बाप्तिस्म्याची खोली. एवढाच पसारा. बसायला बाकं वगैरे नाहीत. त्या खोलीत उभं राहून अंदाज घेतला. खेटून उभे राहिले तरी सगळं गाव काही मावायचं नाही.

मॉडेलचा पहिला सुटा भाग म्हणून हाच ठरला: तीन ठोकळे, मधला उंच.

४ फेब्रुवारी

माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, कापायला घेतला आणि लगेच दगडी पट्ट्यांशी गाठ पडली. मनोऱ्याच्या भिंतीवर उभ्या अरुंद दगडी पट्ट्या आहेत. खालच्या ओळीत त्या गोल कमानींनी जोडल्या आहेत, वरच्या ओळीत त्रिकोणी माथ्यांनी. पट्ट्या भिंतीच्या थोड्या पुढे आलेल्या आणि मधल्या जागेत गिलावा.

या पट्ट्या कशासाठी, यावर जाणकारांत जुना वाद आहे. काहींच्या मते सॅक्सन सुतारकामाची ती दगडातली नक्कल, काहींच्या मते गिलाव्याची सीमारेषा, काहींच्या मते भिंतीला बळकटी. माझं मत मॉडेल करताना पक्कं झालं. वरच्या ओळीतल्या पट्ट्या खालच्या कमानींच्या बरोबर माथ्यावर उभ्या आहेत. भार वाहायचा असता तर कोणताही गवंडी खांब कमानीच्या डोक्यावर ठेवणार नाही, खालच्या खांबाच्या रेषेत ठेवील. म्हणजे हे मुख्यतः नक्षीकाम. ज्याने केलं त्याने बहुधा लाकडी घरं आयुष्यभर पाहिलेली होती, इतकंच म्हणतो.

पट्ट्या अर्ध्या मिलिमीटरच्या कागदाच्या केल्या. भिंत पांढरी रंगवली. उघडा दगड आजच्या डोळ्याला अस्सल वाटतो, पण हे बांधकाम गिलाव्यासाठीच होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर चर्चचा जुना गिलावा खरवडून काढायची लाट आली होती. तिच्याविरुद्ध कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती आजही काम करते. मी या बाबतीत मॉरिसच्या बाजूचा.

५ फेब्रुवारी

गोंद वाळला. पट्ट्या सरळ.

१८ फेब्रुवारी

आज मनोऱ्याचा तिसरा टप्पा. हा वेगळा सुटा भाग, कारण सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

अठराव्या शतकापर्यंत इथले लोक गोल कमान दिसली की सरसकट 'सॅक्सन' म्हणून मोकळे व्हायचे. १०६६ ला नॉर्मन आले, त्यांनीही गोल कमानीच बांधल्या, पण वेगळं काढायची कसोटी कोणाकडे नव्हती. थॉमस रिकमन या वास्तुकाराने ती दिली. हा गृहस्थ क्वेकर पंथाचा, आधी हिशेबनिसी करणारा, चर्चं बघत हिंडायचा छंद. इंग्लिश मध्ययुगीन बांधकामाच्या शैलींना आपण आज जी नावं देतो (नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर) ती त्यानेच रूढ केली. १८१९ मध्ये त्याने याच मनोऱ्यावरून मुद्दा मांडला. सर्वांत वरचा टप्पा सुरुवातीच्या नॉर्मन धाटणीचा आहे. खालचे दोन त्याहून स्पष्ट वेगळे आहेत. वरचा मजला खालच्याच्या आधी बांधता येत नाही. तेव्हा खालचे दोन टप्पे नॉर्मनांच्या आधीचे, म्हणजे सॅक्सन.

कागदपत्र नाही, शिलालेख नाही. फक्त काय कशावर बसलंय ते बघायचं. हिशेबनिसाचं डोकं इथे कामाला आलं असणार असा माझा समज आहे. एका मनोऱ्यावरून पटलं, मग तीच लक्षणं घेऊन देशभरची सॅक्सन चर्चं ओळखता येऊ लागली.

त्यामुळे मॉडेलमध्ये तिसरा टप्पा चिकटवायचा नाही. तो उचलता आलाच पाहिजे. खालच्या कडेला बारीक खाच ठेवली, म्हणजे तो एकाच दिशेने बसेल.

२ मार्च

वाचनाचा दिवस. १०८६ च्या डोम्सडे नोंदणीत, म्हणजे नॉर्मन राजाने करवलेल्या जमीन-उत्पन्नाच्या मोजदादीत, बार्टनची नोंद आहे: चर्च, पाद्री, गिरण्या, बाजार आणि होडी. जमीन गिल्बर्ट द गां या नॉर्मन सरदाराकडे गेलेली. नोंदणी करणाऱ्या कारकुनांना भक्तीशी देणंघेणं नव्हतं, त्यांच्या लेखी चर्च हे गिरणीसारखं उत्पन्नाचं साधन होतं. होडीचंही तेच. हंबर ओलांडायची ती सोय पुढे वेगवेगळ्या धक्क्यांवरून चालूच राहिली. शेवटची फेरीबोट थेट १९८१ मध्ये बंद झाली, हंबर पूल सुरू झाला तेव्हा. १४१० मीटरचा मधला गाळा, पुढची सतरा वर्षं जगातला सर्वांत लांब. आज वारा इतका होता की उंच वाहनांना पूल बंद होता. होडीवाल्यांच्या काळात अशा दिवशी काय व्हायचं त्याची कल्पना येते.

गां घराण्याने पुढे हे चर्च बार्डनी मठाला दिलं. याचा व्यवहारी अर्थ असा: गावाच्या धान्याचा दशमांश मठाकडे जायचा, आणि मठ चर्चची सेवा करायला एक व्हिकर नेमायचा, त्याला उरलेला छोटा वाटा. चर्चच्या दुरुस्तीचीही वाटणी झालेली असे. साधारण प्रथा अशी की चान्सेलचा खर्च दशमांश घेणाऱ्याने करायचा आणि लोक उभे राहतात त्या भागाचा खर्च गावकऱ्यांनी. इंग्लंडच्या कितीतरी गावांत चान्सेल साधं आणि पुढचं दालन भपकेबाज का दिसतं, याचं अर्धं उत्तर या वाटणीत आहे. गावाकडे पैसा आला की गाव आपला भाग वाढवायचं. मठाला घाई नसायची.

१७ मार्च

मधला, सर्वांत मोठा सुटा भाग.

नॉर्मन राजवट बसल्यावर छोटं सॅक्सन चान्सेल पाडलं गेलं आणि पूर्वेकडे मोठं चर्च उभं राहिलं. तेराव्या ते पंधराव्या शतकात ते आणखी वाढलं: मुख्य दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, रांगांपलीकडे ओवऱ्या, आणि शेवटी मुख्य दालनाच्या भिंती उंच करून वरून उजेड घेणाऱ्या खिडक्यांची ओळ. या खिडक्यांच्या ओळीला इथे क्लिअरस्टोरी म्हणतात. ती मी वेगळी काढता येईल अशी केली.

या सगळ्यात जुना मनोरा का ठेवला? आजच्या माहितीपत्रकांच्या भाषेने वाटतं की लोकांना जुन्याचा आदर होता. मला तसं वाटत नाही. चान्सेल अडचणीचं होतं, ते पाडलं. मनोरा घंटांसाठी उपयोगी होता, ठेवला. त्याच्या तळमजल्याची जी खोली एकेकाळी अख्खं चर्च होती, ती आता मोठ्या चर्चच्या टोकाची जागा झाली. दगड महाग, पक्की भिंत पाडायची मजुरी वेगळी. गावकीच्या हिशेबात हे बसतं. काटकसरीने जेवढं वाचवलं आहे तेवढं पूज्यभावाने वाचवलं नसेल, निदान या गावात तरी.

मॉडेलपुरता एक पेच: मध्ययुगीन भाग बसवायचा तर सॅक्सन चान्सेल उचलावंच लागतं, दोन्ही एका वेळी राहू शकत नाहीत. उचललेला तुकडा ठेवायचा कुठे? उत्तर चर्चमध्ये १९७८ ते १९८४ ला झालेल्या उत्खननातच मिळालं. पाडलेल्या चान्सेलचा पाया जमिनीखाली सापडला होता. म्हणून तळपाटावर त्याची रेषा कोरून काढतो आणि तुकडा पाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवतो.

६ एप्रिल

सोळावं शतक. मॉडेलमध्ये दाखवायला जवळजवळ काही नाही आणि बदल मात्र सर्वांत मोठा: राजा पोपपासून फुटला, धर्मसुधारणा आली.

ऑक्टोबर १५३६ मध्ये लिंकनशरमध्ये उठाव झाला, सुरुवात लाउथ गावच्या पॅरिश चर्चपासून. राजाचे अधिकारी चर्चची चांदीची भांडी नेणार अशी आवई उठली होती. उठाव दोन आठवड्यांत विरला. नंतरच्या शिक्षांमध्ये बार्डनीच्या सहा संन्याशांना फाशी झाली आणि १५३८ मध्ये मठच बरखास्त झाला. बार्टनचा दशमांश कोणाकडे जायचा तो मालकच नाहीसा झाला. असे हक्क देशभर राजाकडे आणि तिथून बहुधा खासगी जमीनदारांकडे गेले.

त्याच १५३८ मध्ये राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याचा हुकूम निघाला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. या हुकमामुळेच पुढच्या काळातल्या सामान्य इंग्लिश माणसाचं नाव आपल्याला सापडू शकतं. त्याआधीची माणसं नावाशिवाय आहेत. पुढच्या दोन दशकांत चर्चच्या आतले पुतळे, भिंतीवरची चित्रं, दालन आणि चान्सेल यांच्यामधला क्रूस हे देशभर काढले, परत बसवले, परत काढले गेले, गादीवर कोण आहे त्याप्रमाणे. बाहेरून भिंत तीच.

मॉडेलमध्ये हे आणायचं नाही असं ठरवलं. माहितीफलकावर चार ओळी येतील.

२१ एप्रिल

तळपाट. या प्रकल्पातलं मला सर्वांत आवडलेलं काम, म्हणून नोंद लांबणार.

बार्टनला दोन चर्च आहेत, हाकेच्या अंतरावर. सेंट मेरीज हे बाराव्या शतकात बाजारापाशी उभं राहिलं, मूळ चर्चच्या हाताखालचं देऊळ म्हणून. ते मोठं होत गेलं. कागदोपत्री सेंट पीटर्स थोरलं, गावाची वहिवाट हळूहळू धाकट्याकडे. विसाव्या शतकात एवढ्या गावाला दोन मोठी चर्च पोसणं जड झालं. १९६८ च्या कायद्याने इंग्लंडच्या चर्चने वापरात नसलेल्या इमारती रीतसर निवृत्त करायची पद्धत घातली होती. तिच्यानुसार १९७२ मध्ये सेंट पीटर्स बंद झालं. १९७८ पासून ते सरकारी देखभालीत, पुढे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज संस्थेकडे.

बंद झालं म्हणूनच ते खणता आलं. रोज प्रार्थना चालणाऱ्या चर्चची जमीन कोण उकरू देईल? १९७८ ते १९८४ या काळात पुरातत्त्वज्ञ वॉरिक रॉडवेल यांच्या देखरेखीखाली आतली जमीन आणि बाहेरच्या आवाराचा भाग पद्धतशीर उकलला गेला. सुमारे २८०० सांगाडे मिळाले, साधारण दहाव्या शतकापासून १८५० च्या आसपासपर्यंतचे. शेवटच्या तारखेमागे कायदा आहे: १८५० च्या दशकातल्या दफन कायद्यांनी भरून गेलेली चर्चची आवारं बंद केली आणि गावाबाहेर नव्या दफनभूमी काढल्या.

एकाच गावाची, एकाच जागेची, नऊ शतकांची माणसं एका संग्रहात मिळणं दुर्मीळ. राजे-सरदार नव्हेत. नांगरणारे, होडी चालवणारे, बाळंतपणात गेलेल्या बाया, पुष्कळ मुलं. जुन्या थरातल्या काही पेट्यांचं ओक लाकूडही टिकलं होतं, कारण खालची जमीन ओली. गाव खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे, झरे वर येतात. चर्चजवळचं बेक नावाचं तळं त्याच पाण्याचं. पाण्यात हवा पोचत नाही, लाकूड कुजत नाही, आणि लाकूड टिकलं की वर्तुळं मोजून त्याचं वय काढता येतं. काही मृतांच्या डोक्याला दगडांचा आधार दिलेला, काहींबरोबर हेझल झाडाच्या काठ्या ठेवलेल्या. काठ्या कशासाठी, यावर तर्क बरेच आहेत. प्रवासाची काठी, पुनरुत्थानाची खूण, असं काहीबाही. मला प्रवासाची काठी पटते, पण ते माझ्यापुरतं.

हाडांचा अभ्यास टोनी वॉल्ड्रन आणि ज्युलिएट रॉजर्स यांनी केला, विशेषतः सांध्यांच्या विकारांचा. रॉजर्स यांच्यासारखी व्यक्ती सांधेदुखीच्या वैद्यकातून या कामात आलेली असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. जिवंत रुग्णाचा सांधा झाकलेला असतो, इथे तो उघडा हातात येतो. हाडांवरचा अहवाल २००७ मध्ये छापून आला, उत्खननाचा मुख्य खंड २०११ मध्ये. खणणं थांबल्यावर सत्तावीस वर्षांनी. घाईच्या लोकांनी या धंद्यात पडू नये.

पाटावर हे दाखवायचं कसं? २८०० टोचे मारले तर पाटाची चाळणी होईल, आणि बघणाऱ्याला ते नुसते ठिपके वाटतील. शिवाय माणसांचं असं ठिपक्यांत रूपांतर करणं मला बरं वाटेना. शेवटी पाट पाच मिलिमीटर जाडीचा घेऊन त्याची एक कड उघडी ठेवली आणि कडेवर मातीचे थर वेगवेगळ्या रंगात दाखवले. कोणत्या थरात कोणत्या काळची माणसं, एवढंच बाजूला लिहिलं.

२७ एप्रिल

हाडांचं पुढे काय झालं, हे फलकावर टाकायचं की नाही यावर घरात चर्चा झाली. बायको म्हणाली, "पुरलेल्या माणसांना परत पुरायला नको का?" प्रश्न बरोबर आहे. इथे मधला मार्ग काढला गेला: २००७ मध्ये चर्च लोकांसाठी पुन्हा उघडलं तेव्हा सांगाडे संशोधनसंस्थेच्या फडताळात न राहता चर्चमध्येच परत आले. जिथे पूर्वी ऑर्गन होता त्या बाजूच्या खोलीत पेट्यांमध्ये ते ठेवलेले आहेत. अभ्यासकांना परवानगीने पाहता येतात, आणि ज्या भिंतींच्या आत-बाहेर त्यांना पुरलं होतं त्याच भिंतींच्या आत ते आहेत. बायकोला हे पटलं नाही. मला बरंचसं पटतं. फलकावर माहिती टाकली, मत टाकलं नाही.

११ मे

फलकाच्या शेवटी एक माणूस घ्यायचा होता, कोणीतरी नाव असलेला. चॅड व्हारा. १९११ मध्ये बार्टनला जन्म, सेंट पीटर्सच्या व्हिकरच्या नऊ मुलांतला थोरला. नाव ठेवलं सातव्या शतकातल्या संत चॅडवरून. बीड नावाच्या संन्याशी इतिहासकाराने लिहून ठेवलंय की राजाने चॅडला मठासाठी लिंडसी प्रांतात जमीन दिली होती. ती जागा बार्टनशेजारच्या बॅरोला होती असं मानतात.

हा चॅड पुढे स्वतःही पाद्री झाला. १९३५ मध्ये लिंकनला त्याने केलेलं पहिलं अंत्यसंस्काराचं काम एका किशोरवयीन मुलीचं होतं. मासिक पाळी सुरू झाली, ती काय हे सांगायला कोणी नव्हतं, आजार समजून तिने जीव दिला होता. १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमधून त्याने दूरध्वनीवर अशा माणसांचं ऐकून घ्यायला सुरुवात केली. सॅमरिटन्स ही संस्था ती हीच. या धर्तीचं काम मुंबईतही चालतं, आणि ते करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना बार्टन माहीत असेल. व्हारा २००७ मध्ये वारला, चर्च उघडलं त्याच वर्षी. त्यात अर्थ शोधायचं कारण नाही, नोंद म्हणून लिहिलं.

१ जून

सगळे भाग एकत्र बसवून पाहिले. बसतात. क्लिअरस्टोरी किंचित सैल आहे, आतून कागदाची पट्टी लावली.

शेजाऱ्यांची नऊ वर्षांची मुलगी खेळायला आली होती, तिच्यासमोर भाग पसरून ठेवले आणि काहीच सांगितलं नाही. तिने आधी मोठं दालन घेतलं, त्यावर क्लिअरस्टोरी ठेवली, मग मनोरा त्याला चिकटवला आणि शेवटी वरचा टप्पा. चर्च पूर्ण झालं. मग विचारलं, यातलं सगळ्यात जुनं कुठलं? तिने मोठ्या दालनाकडे बोट दाखवलं. कारण विचारलं तर म्हणाली, तेच मोठं आहे ना. मग मी तिला दालन काढायला सांगितलं. मनोरा एकटा उभा राहिला. पश्चिमेची खोली जोडलेलीच होती, मी खालच्या कप्प्यातून चान्सेल काढून दिलं, ते बरोबर बसलं. "मग वरचा भाग?" तिने तो उचलून बघितला, खालच्या त्रिकोणी खिडक्या आणि वरच्या गोल खिडक्या शेजारी धरल्या आणि म्हणाली, हा दुसऱ्या कोणीतरी केलाय.

प्रदर्शनात मदतनिसाने काही सांगायची गरज नाही असं ठरवलं. भाग सुटे ठेवायचे. वर्षांच्या पट्ट्या भागांच्या तळाला चिकटवल्या आहेत, उचलल्यावरच दिसतात. वाचनालयाकडून एकच विनंती आली: चान्सेलचा तुकडा लहान आहे, मुलं खिशात घालून नेतील, दोरा बांधा. दोरा बांधला. एक जास्तीचं चान्सेलही कापून ठेवलं आहे.